साडेचौदा वर्षांचा कोतवाल : घाशीराम सावळदास

(हडपसर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

विषयाचं नाव वाचून निम्मे लोक नाटकाबद्दल ऐकायला आलेत, असं मला इथल्या चेहऱ्यांवरून वाटतंय. तेव्हा ते आधी मोकळं करून टाकू. विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा झालं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, आणि नाना फडणवीस झाले होते मोहन आगाशे. पीडीएने एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबवलं, त्यातून थिएटर अकॅडमी ही वेगळी संस्था उभी राहिली, पुढे नाटक जगभर फिरलं. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. नाटकातली गौरी, म्हणजे घाशीरामाची मुलगी, तिचा आणि नानांचा तो सौदा, याला कागदपत्रांत आधार नाही. तेंडुलकरांनीही आपण इतिहास लिहिल्याचा दावा कधी केला नव्हता. आज मी बोलणार आहे ते नाटकाआधीच्या माणसाबद्दल, म्हणजे सरकारी नोकर घाशीराम सावळदास याच्याबद्दल. नेमणूक ८ फेब्रुवारी १७७७, शेवट ३१ ऑगस्ट १७९१.

या दोन तारखांमध्ये साडेचौदा वर्षं आहेत. लोकांना शेवटचे तीन दिवस पाठ असतात. साडेचौदा वर्षांचं काय, हे कुणी विचारत नाही. आणि मला त्यातच जास्त रस आहे. कारण शेवटच्या तीन दिवसांत जे झालं, त्याची तयारी आधीच्या साडेचौदा वर्षांत झालेली होती.

आधी ‘कोतवाल’ हा शब्द घ्या. कोट राखणारा तो कोट्टपाल, त्याचा कोतवाल झाला, आणि मुसलमानी राजवटींत शहराच्या बंदोबस्ताचा अधिकारी म्हणून तो पक्का झाला. आपल्याकडे तो इतका रुजला की आडनाव झालं, वगनाट्यात राजा-प्रधानाच्या जोडीला कोतवाल आल्याशिवाय वग पुढे सरकत नाही. ‘विच्छा माझी पुरी करा’ आठवा. एका पक्ष्यालाही आपण कोतवाल म्हणतो. काळा, लांब दुभंगलेल्या शेपटीचा, आकाराने लहान, पण घरट्याजवळ घार आली तरी तिच्या अंगावर धावून जाणारा. ज्याने कुणी हे नाव दिलं, त्याने खरा कोतवाल जवळून पाहिलेला असणार.

आता पुणे. बाजीरावाने शनिवारवाडा बांधला १७३० ते ३२ मध्ये. त्याआधीचं पुणं म्हणजे कसब्याच्या आसपासचं गाव. नानासाहेबाच्या काळात कात्रजहून पाणी आलं, पेठा वाढल्या. १७६३ मध्ये निजामअलीने पुणं लुटलं आणि जाळलं. राक्षसभुवनच्या लढाईआधीचा हा प्रकार. शाळेत आपण राक्षसभुवनचा विजय शिकतो, आधी राजधानी जळाली ते थोडं घाईनेच वाचतो. त्यानंतर शहर पुन्हा उभं राहिलं ते आधीपेक्षा मोठं. अठराव्या शतकाच्या शेवटी लाख-दीड लाख वस्तीचं शहर, असा अंदाज करतात. त्यात स्थायिक किती आणि आला-गेला किती, हे वेगळंच प्रकरण. सरदारांची पथकं, सावकारांचे गुमास्ते, वकील, शागिर्द, बैरागी, मजूर. अशा ठिकाणी गावचा पाटील-कुलकर्णी पुरा पडत नाही. माधवरावांच्या काळात पुण्याची कोतवाली आकाराला येते, ती या गरजेतून.

कोतवालाचं काम काय? आपल्या डोळ्यांपुढे रात्रीची गस्त येते. ती होतीच. पण पेशव्यांच्या रोजनिशांमधल्या सनदा पाहिल्या, तर कामाची यादी वाचून आजचा अधिकारी रजेवर जाईल. शहरातले मोठे तंटे सोडवायचे. रस्ते, गल्ल्या, घरांच्या हद्दी यांची भांडणं मिटवायची. धान्या-किराण्याचे भाव ठरवून ते पाळले जातात का बघायचं. वजनं-मापं सरकारी शिक्क्याची आहेत ना, हे तपासायचं. घर-जागेची खरेदी-विक्री नोंदवायची. जुगाराच्या परवानग्या आणि दंड. सरकारी कामाला मजूर पुरवायचे. शहरात कोण आलं, कोण गेलं, याची टिपणं ठेवायची. म्हणजे बघा, पोलीस आयुक्त, महापालिका आयुक्त, वैधमापन निरीक्षक, दुय्यम निबंधक, पुरवठा अधिकारी, आणि थोडेसे दंडाधिकारी, एवढ्या खुर्च्या एकाच माणसाच्या बुडाखाली. (हशा) हसू नका, हा शब्द मी मुद्दाम वापरला. आजचं पुणं शहर पोलीस आयुक्तालय १९६५ मध्ये झालं. तोवर आणि त्यानंतर या एकेका खुर्चीची वेगळी इमारत झाली, वेगळा कायदा झाला, वेगळं अपील झालं. १७७७ मध्ये हे सगळं एका चावडीत होतं, आणि अपील म्हणजे नाना फडणवीस.

आणि पैसा? कोतवाली खर्चाचं खातं होतं तसंच उत्पन्नाचंही होतं. दंड, नजराणे, विक्रीवरची फी, हे सरकारात जमा व्हायचं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या कचेरीकडून सरकारला वसुलीची अपेक्षा असते, तिच्याकडे गुन्हेगार कमी झाले म्हणून कुणी आनंदाने पाहत नाही. दंड कमी जमला म्हणून मात्र विचारणा होते.

आता घाशीराम या जागेवर आला कसा? तो उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण, औरंगाबादकडून आलेला. पुण्यात त्याला गोत नाही, गणगोत नाही, वतन नाही. हे दुबळेपण वाटतं ना? नानांच्या दृष्टीने तीच पात्रता होती. त्यासाठी १७७७ सालची परिस्थिती पाहावी लागेल, आणि इथे तुम्ही हडपसरकर मला जरा मदत करा.

३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावाचा खून झाला, शनिवारवाड्यात, दिवसाढवळ्या, गारद्यांच्या हातून. म्हणजे राखणदारांनीच धन्याला मारलं. रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि ते पुणं सोडून गेले. मग बारभाईंचं कारस्थान, रघुनाथराव इंग्रजांकडे, युद्ध, १७७६ चा पुरंदरचा तह. नारायणरावाचा मुलगा सवाई माधवराव एप्रिल १७७४ मध्ये जन्मला तो पुरंदर किल्ल्यावर. पेशवा पुरंदरावर, कारभारी बराच काळ पुरंदरावर. तुमच्या इथून दिवे घाट चढा, सासवड, आणि पुढे पुरंदर. आज ज्या रस्त्याने माउलींची पालखी जाते तीच दिशा. राजधानी घाटाच्या खाली, आणि राज्याचं डोकं घाटाच्या वर. त्यात १७७६ मध्ये पानिपतात गेलेला सदाशिवरावभाऊ मीच, असं म्हणणारा तोतया उभा राहिला, कोकणात त्याने किल्ले घेतले, लोक त्याच्या बाजूला गेले. त्या तोतयाला डिसेंबर १७७६ मध्ये मारलं. आणि दोन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १७७७ मध्ये, घाशीराम कोतवाल झाला.

हा क्रम नीट लक्षात घ्या. नानांना त्या घडीला शहरात कोण हवं होतं? ज्याला कुठल्याही सरदाराशी नातं नाही, ज्याचं शहरातलं सगळं बळ फक्त नानांच्या शब्दावर आहे, आणि जो कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या वाड्यात रात्री दिवा होता, हे घाटावर कळवेल. नानांचं हेरखातं प्रसिद्ध आहे. कोतवाली हा त्याचा शहरातला हात होता. पुढच्याच वर्षी, १७७८ मध्ये, खुद्द नानांचा चुलतभाऊ मोरोबा याने कारभार ताब्यात घेतला होता, म्हणजे नानांची भीती काल्पनिक नव्हती. १७७९ च्या जानेवारीत इंग्रज फौज रघुनाथरावाला घेऊन वडगावापर्यंत आली. या सगळ्यात पुणं हातचं गेलं नाही. ते श्रेय घाशीरामाचं किती आणि इतरांचं किती, याची वाटणी कागदावरून करता येत नाही. पण सरकारने केली. १० फेब्रुवारी १७८२ ला त्याची कोतवाली चांगल्या कामगिरीसाठी पुन्हा कायम करण्यात आली. नाटक पाहिलेल्यांना हे पचत नाही, पण कागद तसा आहे. पहिल्या पाच वर्षांनंतर सरकार त्याच्यावर खूश होतं.

आणि शहर? शहरात चोऱ्या कमी झाल्या, बंदोबस्त कडक झाला, हे त्याचे विरोधकही नाकारत नाहीत. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर माणूस दिसता कामा नये. दिसला तर गस्तवाले पकडून चावडीवर नेणार, सकाळी कोतवालासमोर उभा करणार, मग सुटका. विल्यम टोन नावाचा एक आयरिश लष्करी माणूस पुढे मराठ्यांच्या नोकरीत होता. आयर्लंडचा क्रांतिकारक वुल्फ टोन, त्याचा हा भाऊ. त्याने लिहून ठेवलंय की शिस्त एवढी कडक, की अवेळी बाहेर सापडल्याबद्दल एकदा खुद्द पेशव्याला रात्रभर अडकवून ठेवलं होतं. मला ही गोष्ट दंतकथेच्या जातीची वाटते. पण दंतकथाही फुकट तयार होत नाहीत. त्या शहरात ‘कोतवालाचे प्यादे पेशव्यालाही सोडायचे नाहीत’ असं म्हणावंसं लोकांना वाटत होतं, एवढं त्यातून कळतं. त्यात थोडं कौतुक आहे, थोडी धास्ती आहे.

कौतुकाकडून धास्तीकडे काटा कधी झुकला, याची तारीख नाही. एक गोष्ट मात्र आपण तर्काने समजू शकतो. रात्री पकडलेल्या माणसाला सकाळपर्यंत ठेवायचं, हा अधिकार कोतवालाकडे होता. किती जणांना, कुठल्या खोलीत, पाण्यावाचून की पाण्यासह, हे विचारणारं कुणी नव्हतं. सकाळी सुटलेला माणूस तक्रार कुणाकडे करणार? नानांकडे. आणि नानांपर्यंत शहराची खबर पोचवणारा कोण? कोतवाल. म्हणजे कोतवालाविरुद्धची तक्रार कोतवालाच्या हातून वर जायची. साडेचौदा वर्षं.

इथे मी तुम्हाला जरा लांब नेतो. जपानला. प्रश्न तोच आहे म्हणून.

घाशीरामाच्या साठ वर्षं आधी, १७१७ मध्ये, एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, ओओका तादासुके नावाचा माणूस माची-बुग्यो झाला. माची म्हणजे शहराची वस्ती, बुग्यो म्हणजे कारभारी अंमलदार. काम अगदी कोतवालासारखं. पोलीस, न्याय, भाव, आग, रस्ते, सगळं. जन्म १६७७ चा, सामुराई घरातला, मधल्या दर्जाचा. आधी इसे देवस्थानाच्या भागात यामादा इथे अंमलदार होता. योशिमुने शोगुन झाल्यावर त्याने ओओकाला एदोत आणलं. एदो तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक, वस्ती दहा लाखांच्या घरात. घरं लाकूड-कागदाची. १६५७ च्या आगीत निम्म्याहून जास्त शहर जळालेलं होतं. ओओकाच्या काळात, १७२० च्या सुमारास, पेठवार आग विझवणारी पथकं उभी राहिली. अठ्ठेचाळीस पथकं, प्रत्येकाला जपानी वर्णमालेतल्या अक्षरावरून नाव. विझवणं म्हणजे पाणी मारणं कमी, शेजारची घरं पाडून आगीची वाट तोडणं जास्त. त्यामुळे या पथकांत घरबांधणीतले गवंडी-सुतारांसारखे लोक घेतले. बांधता येतं त्यालाच झटपट पाडता येतं.

ओओका एकोणीस वर्षं त्या जागेवर होता. १७३६ मध्ये त्याला देवस्थानांच्या खात्याचा बुग्यो केलं, आणि १७४८ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, तो छोट्याशा जहागिरीचा दाइम्यो झाला. एवढ्या खालून तिथपर्यंत पोचलेला माची-बुग्यो हा फारच दुर्मीळ प्रकार. मेल्यावर त्याच्या नावावर न्यायाच्या गोष्टींचं पीक आलं. एका मुलावर दोन बायका हक्क सांगतात, तो म्हणतो दोघी दोन हात धरून ओढा, आणि मूल कळवळल्यावर जी सोडते ती खरी आई. तळणाच्या वासाचे पैसे मागणाऱ्या दुकानदाराला नाण्यांचा आवाज ऐकवून मोकळं करतो. तुम्ही म्हणाल, ह्या तर आमच्याच गोष्टी! बरोबर. बिरबलाच्या म्हणा, आणखी कुणाच्या म्हणा. जगभर फिरणाऱ्या गोष्टी आहेत, त्यांना एक चांगला न्यायाधीश सापडला की त्या तिथे मुक्काम करतात. आपल्याकडे रामशास्त्र्यांच्या भोवती अशाच आख्यायिका जमल्या. आणि घाशीरामाच्या भोवती वाईट गोष्टी जमल्या. त्यातल्या किती त्याच्या आणि किती दुसऱ्याच कुणाच्या, हे आता वेगळं करणं अवघड आहे.

पण मला ओओकाच्या चांगुलपणापेक्षा त्याच्या खुर्चीची रचना जास्त बोलकी वाटते. एक तर एदोत माची-बुग्यो एक नसे, दोन असत. उत्तरेची कचेरी आणि दक्षिणेची कचेरी. शहराचे भाग वाटलेले नव्हते, महिने वाटलेले होते. या महिन्यात नव्या फिर्यादी हा घेणार, पुढच्या महिन्यात तो. ज्याची पाळी नाही तो जुनी प्रकरणं निकालात काढणार. म्हणजे एकाने दडपलेलं प्रकरण दुसऱ्याच्या दारात जाऊ शकतं, आणि दोघांनाही हे ठाऊक. दुसरं म्हणजे १७२१ मध्ये योशिमुनेने एक पेटी ठेवली, मेयासुबाको. न्यायसभेच्या बाहेर, महिन्यातून तीन ठरलेल्या दिवशी. कुणीही सामान्य माणसाने लेखी तक्रार टाकावी. अट एवढीच की नाव-पत्ता घालायचा, निनावी चालणार नाही. आणि त्या पेटीचं कुलूप शोगुन स्वतः उघडणार. बुग्योंच्या हातून न जाता कागद थेट वर. ओगावा शोसेन नावाच्या साध्या वैद्याने त्या पेटीत कागद टाकला की गरीब आजाऱ्यांना ठिकाण नाही. १७२२ मध्ये कोइशिकावाला सरकारी औषधी बागेत गरिबांसाठी दवाखाना निघाला.

लगेच जपानचे गोडवे गाऊ नका. एदोच्या कोदेन्माचो तुरुंगात माणसं कशी मरत, त्याची वर्णनं वाचवत नाहीत. कबुलीसाठी छळ कायद्याने मान्य होता. तिथेही कोठडीत गेलेला सामान्य माणूस सुखरूप परत येईलच असं नव्हतं. माझा मुद्दा मर्यादित आहे. तिथे अंमलदाराच्या पाठीमागे कुणीतरी उभं राहून बघतंय, अशी सोय मुद्दाम केली होती. पुण्यात नानांनी हेर ठेवले ते सरदारांवर, इंग्रजांवर, निजामावर. स्वतःच्या कोतवालावर ठेवले असते तर?

आता १७९१. त्या सालाचा संदर्भ घ्या. टिपूविरुद्धचं युद्ध चालू आहे, हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन फौजा घेऊन कर्नाटकात. पावसाने दगा दिलेला. १७९१-९२ चा दुष्काळ दख्खनभर इतका भीषण झाला, की माणसांच्या कवट्या उघड्यावर पडल्या होत्या म्हणून त्याला कवटीचा दुष्काळ म्हणतात. निजामाच्या मुलखात तर हाल फारच. आणि पुण्यात श्रावणात दक्षिणा वाटली जायची.

ही दक्षिणा मूळ दाभाड्यांची, तळेगावची. १७३१ च्या डभईच्या लढाईनंतर ती प्रथा बाजीरावाने पुण्यात आणली. पर्वतीच्या पायथ्याला रमण्यात ब्राह्मणांना कोंडून एकेकाला बाहेर सोडताना दक्षिणा द्यायची. दूरदूरहून लोक येत, तेलंगणातूनही. (याच दक्षिणेच्या फंडातून पुढे इंग्रजांनी १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात पाठशाळा काढली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. हे जाता जाता.) तर १७९१ चा श्रावण सरत आला होता. दक्षिणा घेऊन परतीला लागलेले तेलंगी ब्राह्मण शहराच्या पूर्वेला, म्हणजे तुमच्या बाजूला, भवानी पेठेच्या आसपास होते. सोलापूरकडची वाट तीच.

२९ ऑगस्टला यांतल्या सुमारे पस्तीस जणांना कोतवालाच्या माणसांनी पकडलं. का? एक हकिगत अशी की त्यांनी घाशीरामाच्या बागेत शिरून फळं तोडली, माळ्यांशी झटापट झाली. घाशीरामाचं म्हणणं, हे चोर आहेत. मला दोन्ही शक्य वाटतात. दुष्काळाच्या वर्षी परमुलखातली भुकेली माणसं बागेत शिरली, तर त्यांना चोर म्हणायचं की उपाशी, हे बाग कुणाची यावर ठरतं. त्यांना भवानी पेठेतल्या भुयारासारख्या अरुंद खोलीत कोंडलं. हवा नाही, पाणी नाही. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. मानाजी फाकडे या सरदाराच्या कानावर ते गेलं. त्याने जाऊन कुलूप तोडलं. आत एकवीस माणसं मेलेली होती. काही नंतर मेली. आकडे निरनिराळ्या हकिगतींत थोडे मागेपुढे होतात, पण वीसच्या खाली कुणी येत नाही.

मला इथे एक सांगायचं आहे. त्यांना मारायचं असं घाशीरामाने ठरवलं होतं, असं मानायला जागा नाही. एकवीस परदेशी ब्राह्मण मारून कोतवालाला काय मिळणार, तेही पेशव्यांच्या राज्यात? उलट असं दिसतं, की तो विसरला. रोजच्यासारखं पकडलं, रोजच्यासारखं कोंडलं, आणि कुलूप उघडायची कुणाला घाई नव्हती. साडेचौदा वर्षांत किती वेळा असं कोंडलं असेल आणि माणसं सकाळी जिवंत निघाली असतील, म्हणून कागदावर आली नसतील! मला त्या नोंद नसलेल्या रात्रींचं जास्त वाटतं. आणि त्या खोलीत ब्राह्मण नसते, रामोशी किंवा मजूर असते, तर मानाजी फाकड्याने कुलूप तोडल्यावर पुढे काय झालं असतं? प्रश्न कटू आहे, पण विचारल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

पुढचं झपाट्याने घडलं. फाकड्याने पेशव्याला सांगितलं. सवाई माधवराव सतरा वर्षांचा. तेलंगी ब्राह्मणांचा जमाव नानांच्या वाड्यापुढे जमला, कोतवालाला देहान्त द्या म्हणून. रामशास्त्री दोन वर्षांपूर्वी, १७८९ मध्ये, वारले होते. न्यायाधीश होते अय्याशास्त्री. त्यांच्याकडे प्रकरण देण्याची भाषा झाली, पण जमाव ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. अखेर घाशीरामाला जमावाच्या हवाली केलं. शहरातून धिंड काढली, आणि ३१ ऑगस्टला गावाबाहेर गारपिराजवळ दगडांनी ठेचून मारलं. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट तेव्हा पुण्यात होता, त्याच्याकडूनही ही हकिगत कंपनी सरकारकडे गेली. १७५६ च्या कलकत्त्याच्या कोठडीची गोष्ट प्रत्येक इंग्रजाला पाठ असायची. पुण्याची कोठडी वाचताना त्यांच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल, हे सांगायला नको.

लोक म्हणतात, घाशीरामाला त्याच्या कर्माचं फळ मिळालं. असेल. पण सरकार म्हणून बघा. चौकशी झाली नाही. कुणी पकडलं, कुणी कुलूप लावलं, किल्ली कुणाकडे होती, खोली सरकारी की खासगी, आधी असं कितीदा झालं, याचा जबाब कुणाचा घेतला गेला नाही. घेतला असता तर पुढचा प्रश्न आला असता, की याला नेमलं कुणी, कायम कुणी केलं. जो माणूस हे सांगू शकला असता, तोच दगडाखाली गेला. अठरा वर्षांपूर्वी, त्याच शहरात, एका न्यायाधीशाने राज्यकर्त्याचं नाव घेऊन निकाल सांगितला होता. आता निकाल जमावाने दिला, आणि तो सरकारला सोयीचा होता.

(श्रोत्यांतून प्रश्न : घाशीरामानंतर कोतवाली बंद झाली का?)

छे, बंद कशी होईल? शहर तेवढंच, चोर तेवढेच. कोतवाली पेशवाई संपेपर्यंत चालली. मधल्या काळात पुण्याने याहून वाईट दिवस पाहिले. १७९८ मध्ये सर्जेराव घाटग्याने पैशासाठी सावकारांचे जे हाल केले, त्यापुढे घाशीराम सौम्य वाटावा. आणि १८०२ च्या ऑक्टोबरात तुमच्या हडपसरच्या माळावरच यशवंतराव होळकराने पेशवे-शिंद्यांच्या फौजा मोडल्या. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, १८१९ चा, त्यात पुण्याच्या कोतवालाचा उल्लेख आहे. दरमहा नऊ हजार रुपयांची नेमणूक, आणि त्यात प्यादे, घोडेस्वार, रामोशी असा मोठा बंदोबस्त त्याने सांभाळायचा. म्हणजे रचना तीच राहिली. एक ठोक रक्कम, एक माणूस, आणि बाकी त्याचं तो बघेल.

(प्रश्न : मग घाशीरामाची बाजू घेणारं कुणीच लिहिलं नाही?)

बाजू घेणारं नाही, पण एक गमतीदार पुस्तक आहे. १८६३ मध्ये मोरोबा कान्होबा यांनी ‘घाशीराम कोतवाल’ याच नावाचं पुस्तक लिहिलं. मराठी गद्यकथेच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी. त्यात कोतवाल आल्यागेल्या पाहुण्यांशी देशोदेशींच्या गप्पा मारतो, लोकांच्या चालीरीती ऐकून घेतो. खऱ्या घाशीरामाशी त्याचा संबंध नावापुरता. पण त्या कोतवालाला प्रश्न विचारायची सवय आहे, आणि दारात कुणी आलं तर तो त्याला आधी बसायला सांगतो.